संगणकाचं दान सत्पात्री पडावं म्हणून: बॉइंकवर प्रकल्प कसा निवडायचा

रिकामा संगणक विज्ञानाच्या कामाला लावायचा ठरलं की बहुतेक जण बॉइंक (संगणक रिकामा असताना वैज्ञानिक प्रकल्पांची गणितं चालवणारा मोफत प्रोग्राम) उतरवून घेतात, यादीतले आवडतील ते सात-आठ प्रकल्प एकदम जोडतात आणि मोकळे होतात. रात्रभर पंखा घोंघावतो, बिल वाढतं, केलेल्या कामाच्या गुणांचा, म्हणजे क्रेडिटचा, आकडा वर चढतो. त्या आठांपैकी एखाद्या तरी प्रकल्पाचं काम आपल्यामुळे पुढे सरकलं का, हे मात्र फारसं कुणी तपासत नाही. पुष्कळदा ते सरकलेलं नसतं, आणि कधीकधी आपल्यामुळेच अडलेलं असतं.

किती तास दिले यापेक्षा ते कुठे दिले आणि काम किती वेळात परत केलं, यावर खरी मदत ठरते. हे कसं, ते कळायला एका कामाचा प्रवास पाहावा लागेल.

एक काम निघतं आणि परत येतं तेव्हा

प्रकल्पाचा सर्व्हर मोठं गणित हजारो तुकड्यांत कापतो. एक तुकडा म्हणजे एक वर्क युनिट. अनोळखी संगणकाच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून बरेच प्रकल्प तोच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना देतात आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच स्वीकारतात. प्रत्येक प्रतीला मुदत असते. मुदत उलटली की सर्व्हर नवी प्रत तिसऱ्याला पाठवतो.

आता हिशेब करू. मुदत १४ दिवसांची आहे. तोच तुकडा मिळालेल्या दुसऱ्या संगणकाने, म्हणजे तुमच्या जोडीदाराने, त्याची प्रत दुसऱ्याच दिवशी परत केली. तुम्ही काम घेतलंत, पण लॅपटॉप गावी नेलात आणि बॉइंक बंद राहिलं. १४व्या दिवसापर्यंत सर्व्हर तुमची वाट पाहणार. मग तिसऱ्याला प्रत जाणार, त्यालाही पुन्हा १४ दिवस. दोन दिवसांत निकालात निघालं असतं ते काम अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लोंबकळू शकतं. एका तुकड्यासाठी हे चालून जातं. पण शास्त्रज्ञ सहसा तुकड्यांची अख्खी तुकडी (बॅच) पुरी झाल्यावरच विश्लेषणाला बसतात. दहा हजारांपैकी ९,७०० तुकडे आठवड्यात आले आणि ३०० असे रेंगाळले, तर सगळी तुकडी त्या तीनशेंसाठी थांबते. पंगतीत शेवटच्या पाच जणांचं जेवण उरकेपर्यंत पुढची पंगत बसत नाही, तसंच.

काही प्रकल्पांत अट आणखी कडक असते. वेगवेगळ्या प्रोसेसरांवर दशांश गणिताची शेवटची घरं किंचित वेगळी येतात, म्हणून एका तुकड्याच्या सगळ्या प्रती एकाच जातीच्या प्रोसेसरला आणि ऑपरेटिंग सिस्टिमला पाठवल्या जातात. तुमचं यंत्र दुर्मीळ जातीचं असेल आणि तुम्ही काम अर्ध्यात टाकलंत, तर बदली शोधायला सर्व्हरला आणखी वेळ लागतो.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू मात्र फायद्याची आहे. बॉइंकच्या सर्व्हरमध्ये यंत्राचा लौकिक सांभाळण्याची सोय आहे. एखादा संगणक एका प्रकल्पाच्या एकाच प्रोग्रामवर ओळीने दहाहून जास्त बरोबर उत्तरं देतो, तेव्हा तो भरवशाचा मानला जातो आणि त्याला दिलेल्या कामाची दुसरी प्रत बऱ्याचदा काढलीच जात नाही. अधूनमधून अचानक तपासणी होते, तेवढीच. ही सोय सगळे प्रकल्प वापरत नाहीत, पण जिथे आहे तिथे त्याच विजेत जवळपास दुप्पट काम उरकतं. शिवाय लवकर उत्तर देणारी यंत्रं सर्व्हरच्या वेगळ्या यादीत जातात, आणि रेंगाळलेले तुकडे कमी मुदतीने मुद्दाम त्यांच्याकडे पाठवता येतात. मागे पडलेली तुकडी पुरी करायला नेमकी हीच यंत्रं लागतात, आणि त्यात साधा ऑफिसचा डेस्कटॉपही असू शकतो.

दर आठवड्याला प्रकल्प बदलणाऱ्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. लौकिक त्या यंत्राचा आणि त्या प्रोग्रामपुरता असतो. प्रकल्प बदलला की पाटी कोरी. बॉइंक काढून पुन्हा टाकलं आणि यंत्राला नवा क्रमांक मिळाला, तरीही कोरी.

प्रकल्प नेमका कशावाचून अडलाय

प्रत्येक प्रकल्पाला गणनशक्तीच कमी पडते, हा समज चुकीचा आहे. काहींना ती भरपूर असते आणि गाडं भलत्याच ठिकाणी रुतलेलं असतं.

सेटी अ‍ॅट होमचंच बघा. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारा हा प्रकल्प मे १९९९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सुरू केला आणि ३१ मार्च २०२० ला नवीन काम वाटणं थांबवलं. स्वयंसेवक कमी पडले म्हणून नव्हे. वीसेक वर्षांत जमलेल्या अब्जावधी नोंदी चाळून काढण्याचं मागचं काम तुंबलं होतं, आणि आणखी संगणक जोडून त्या नोंदींत भरच पडली असती.

उलट्या दिशेचा प्रसंग त्याच महिन्यातला. करोनाच्या प्रथिनांवर काम सुरू झाल्यावर प्रथिनांच्या हालचालींचं गणित करणाऱ्या फोल्डिंग अ‍ॅट होमकडे लोकांची अशी रीघ लागली की त्याची एकत्रित ताकद एक एक्साफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या) पुढे गेली, आणि तेव्हाच पुष्कळांचे संगणक काम मिळत नाही म्हणून रिकामे बसले. कामं तयार करणारी माणसं आणि ती वाटणारे सर्व्हर त्या वेगाने वाढू शकत नव्हते. त्या आठवड्यांत जो माणूस शांतपणे दुसऱ्या एखाद्या प्रकल्पात राहिला, त्याच्या संगणकाचा तास न तास उपयोगी पडला.

म्हणून जोडण्याआधी प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचं सर्व्हर स्टेटसचं पान उघडा. बहुतेक बॉइंक प्रकल्पांत ते असतं. चार आकडे बघायचे.

पाठवायला तयार असलेली कामं. हा आकडा शून्याजवळ घुटमळत असेल तर प्रकल्पाला काम पुरवणं जमत नाहीये. तुम्ही आलात तर तीच कामं आणखी एकात वाटली जातील, एवढंच. लाखात असेल आणि आठवडाभर तसाच राहिला, तर तिथे हात हवे आहेत.

चालू असलेली कामं. पहिल्या आकड्याशी ताडून बघायचा. तयार कामं भरपूर आणि चालू थोडी, अशा प्रकल्पाला एका नव्या संगणकानेही फरक पडतो.

पडताळणीच्या आणि नोंदणीच्या प्रतीक्षेतली कामं. हे आकडे रोज फुगत असतील तर अडथळा सर्व्हरच्या पोटात आहे. तुमचा प्रोसेसर तिथे काही करू शकत नाही.

आकडे एकदाच बघून उपयोग नाही. सोमवारी, बुधवारी आणि रविवारी बघा. पाठोपाठ बातम्यांचं आणि शोधनिबंधांचं पान चाळा. शेवटची बातमी दोन वर्षांपूर्वीची आणि निबंधांची यादी त्याहून जुनी असेल, तर कामं येत राहिली तरी ती कुणी वाचतंय का, हा प्रश्न रास्त आहे.

कामाचा स्वभाव आणि यंत्राचा स्वभाव

पत्रिका जुळवल्यासारखं हे जुळवावं लागतं. कामं साधारण चार स्वभावांची असतात.

पहिली साखळीची. फोल्डिंग अ‍ॅट होम हा त्याचा नमुना. (हा प्रकल्प बॉइंकवर नाही, त्याचा प्रोग्राम वेगळा घ्यावा लागतो.) प्रथिनाच्या हालचालीचा एक छोटा टप्पा तुमच्याकडे येतो. तुम्ही तो पुरा करून पाठवल्यावर त्याच्या शेवटापासून पुढचा टप्पा तयार होतो. इथे दहा जण मिळून एक साखळी दहापट वेगाने नेऊ शकत नाहीत, कारण तिसरी पिढी दुसरीआधी जन्मत नाही. म्हणून जलद परतफेडीला बक्षीस आहे. पासकी (आपली ओळख पटवणारा, प्रकल्पाने दिलेला संकेतांक) घेऊन निदान दहा कामं पुरी केली आणि ८० टक्क्यांहून जास्त कामं वेळेत परत केली, तर लवकर पाठवण्याचे जादा गुण मिळतात. चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि सलग आठ-दहा तास असतील तर इथे या. दिवसातून दोन तास उघडणाऱ्या जुन्या लॅपटॉपने साखळी अडवून धरू नये. कर्करोग, अल्झायमर असा विषय निवडण्याची सोय तिथे आहे, पण ती पसंती आहे, हुकूम नाही. त्या विषयाचं काम नसेल तर दुसरं येतं, आणि ते येऊ द्यावं.

दुसरी ढिगाऱ्यातून शोधायची कामं. आइन्स्टाइन अ‍ॅट होम २००५ पासून गुरुत्वीय लहरी (प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग) आणि पल्सार (ठरावीक ठेक्याने स्पंदनं देणारे, फिरणारे तारे) शोधतो. अस्टेरॉइड्स अ‍ॅट होम लघुग्रहांच्या प्रकाशाच्या चढउतारांवरून त्यांचे आकार काढतो. प्राइमग्रिड मोठ्या मूळ संख्यांच्या मागे असतो. यातले तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे हळू यंत्रही चालतं, मुदत पाळली म्हणजे झालं. आइन्स्टाइन अ‍ॅट होमने २०१० मध्ये पहिला पल्सार शोधला तो प्वेर्तो रिकोमधल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या माहितीतून. ती दुर्बीण २०२० च्या डिसेंबरात कोसळली, पण माहितीतला शोध पुढेही चालू राहिला. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार म्हणून काहींना या प्रकल्पाची ओढ असते. ती ठीकच आहे, फक्त लहरींच्या शोधात आजवर वापरलेली माहिती मुख्यतः अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनच्या शोधकांची आहे, हे लक्षात असू द्या.

तिसरी लांब पल्ल्याची. ऑक्सफर्डच्या क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेटचं एक काम दिवसचे दिवस चालू शकतं. एकाच हवामान प्रतिमानाच्या थोड्याथोड्या फरकाने हजारो आवृत्त्या चालवायच्या आणि त्यांचा पसारा पाहायचा, अशी ही पद्धत. अर्ध्यात टाकलेली आवृत्ती पसाऱ्यात भोक पाडते. रोज चालणारं, क्वचित बंद होणारं यंत्र असेल तरच घ्या. कामं सलग मिळत नाहीत, हंगामी येतात.

चौथी आभासी यंत्रातली. एलएचसी अ‍ॅट होमची अ‍ॅटलास आणि सीएमएसची कामं (सर्नच्या कणप्रयोगांची) व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम, मागतात. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ती ब्राउझरसकट गुदमरतात, आणि वीज अचानक गेली तर आभासी डिस्क बिघडून काम वाया जायची भीती असते. १६ जीबी रॅम आणि यूपीएस असेल तर खुशाल घ्या.

यंत्राकडून पाहायचं तर आधी रॅमला कोरांनी (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनभागांच्या संख्येने) भागा. ८ जीबी रॅम आणि ४ कोर म्हणजे कागदावर प्रत्येक कोरला २ जीबी, पण विंडोज आणि ब्राउझर निम्मी रॅम खातात, हातात १ जीबी येतो. प्रथिनांचे आकार काढणाऱ्या रोझेटा अ‍ॅट होमच्या कामांना कधीकधी एकेकाला त्याहून जास्त लागते. मग संगणक डिस्कवर अदलाबदल करत बसतो आणि दोन तासांच्या कामाला पाच तास लागतात.

प्राइमग्रिडच्या मोठ्या चाचण्यांत रॅमपेक्षा प्रोसेसरच्या कॅशेची (त्याच्या आतल्या छोट्या, जलद मेमरीची) अडचण येते. आठ कोरांवर आठ चाचण्या लावल्या तर सगळ्या मिळून कॅशेबाहेर सांडतात आणि प्रत्येकीचा वेग पडतो. एकच चाचणी सगळ्या कोरांवर चालवायचा पर्याय प्रकल्पाच्या पसंतीच्या पानावर आहे. तो लावला की एकेक काम झपाट्याने उरकतं आणि एकूण कामही बहुधा वाढतं.

ग्राफिक्स कार्डाबाबत एकच तपासायचं: प्रकल्पाला दुहेरी अचूकतेचं (प्रत्येक संख्येला दुप्पट बिट वापरणारं) गणित लागतं का. खेळांसाठीच्या कार्डांत ते एकेरीच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्शाच्या वेगाने चालतं. एकेरी अचूकतेत घोडा असलेलं कार्ड तिथे खेचर ठरतं. आणि कार्डाला काम लावलंत तर प्रोसेसरचा एक कोर मोकळा ठेवा, नाहीतर कार्ड माहितीची वाट बघत बसतं.

एकाच प्रकल्पाच्या आतही निवड असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आइन्स्टाइन अ‍ॅट होम आणि प्राइमग्रिडच्या पसंतीच्या पानावर उपप्रकल्पांची यादी आहे. झगमगता उपप्रकल्प गर्दीचा असतो आणि शेजारचा कंटाळवाणा ओस. मर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधणाऱ्या गिम्प्सला १९९६ पासून या मानवी स्वभावाशी झुंजावं लागलं. विक्रमी संख्या सापडण्याची आशा पहिल्या चाचणीत असते, फेरतपासणीत नसते, त्यामुळे फेरतपासणी कुणाला नको. अखेर २०२० मध्ये गणितानेच तोड काढली. चाचणीसोबत असा पुरावा तयार होऊ लागला की तो तपासायला मूळ चाचणीच्या अगदी थोड्या हिश्शाएवढंच काम पुरतं. सगळ्या प्रकल्पांना अशी तोड सापडत नाही. तिथे कंटाळवाणं काम उचलणाराच उपयोगी पडतो.

किती प्रकल्प आणि कोणत्या हिश्शाने

एका यंत्रावर एक मुख्य, एक जोडीचा आणि एक राखीव. त्यापुढे जाऊ नका.

हिस्सा ठरवायची जागा बॉइंकच्या खिडकीत नाही. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात, प्रकल्पाच्या पसंतीच्या पानावर रिसोर्स शेअर असा रकाना आहे. मुळात तिथे १०० असतं. मुख्य प्रकल्पाला ३०० आणि जोडीच्याला १०० दिलंत तर तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश. राखीव प्रकल्पाला ० द्या. शून्याचा अर्थ बंद असा नाही. बाकीच्यांकडे काम नसेल तेव्हाच त्याच्याकडून काम घ्यायचं, असा आहे. २०२१-२२ मध्ये वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हा आरोग्य आणि पर्यावरण संशोधनाचा प्रकल्प आयबीएमकडून टोरांटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे गेला तेव्हा कामवाटप महिनोन्‌महिने विस्कळीत होतं. फक्त तोच जोडलेल्यांची यंत्रं रिकामी पडली आणि ज्यांनी शून्याचा राखीव ठेवला होता, त्यांना कळलंही नाही.

आकडा बदलल्यावर बॉइंकमध्ये त्या प्रकल्पावर जाऊन अपडेट दाबा.

इथे एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. हिस्सा तासागणिक पाळला जात नाही. बॉइंक प्रत्येक प्रकल्पाच्या अलीकडच्या कामाची सरासरी ठेवतं आणि तिचं वजन दहा दिवसांनी निम्मं होतं. नवा प्रकल्प जोडला की त्याची सरासरी शून्य, म्हणून बॉइंक त्याचं मागचं देणं फेडायला घेतं आणि पहिले काही दिवस सगळे कोर त्यालाच देतं. २५ टक्के ठरवले असताना १०० टक्के दिसतात. माणूस घाबरून कामं रद्द करतो, सर्व्हरवर यंत्राचा लौकिक बिघडतो, आणि तो पुन्हा आकडे बदलत बसतो. दोन-तीन आठवडे हात लावू नका, आपोआप बसतं. ग्राफिक्स कार्डाचा प्रकल्प वेगळा आणि प्रोसेसरचा वेगळा असेल तर या आकड्यांना फारसा अर्थही उरत नाही, दोघं आपापल्या जागी चालतात.

कामाचा साठा: सगळ्यात महागडी चूक

पावसाळ्यात ब्रॉडबँड जातं, म्हणून काम संपू नये या काळजीने साठा पाच-दहा दिवसांचा केला जातो. खारघरमधल्या एका साध्या लॅपटॉपवर याचं काय होतं ते पाहू. चार कोर, रोज पाच तास चालू. म्हणजे दिवसाला २० कोर-तास. एक काम ८ कोर-तासांचं, मुदत ७ दिवस. बॉइंक नवं असल्याने यंत्र दिवसभर चालतं असंच ते धरतं: दिवसाला ९६ कोर-तास, पाच दिवसांचे ४८०, म्हणजे ६० कामं मागवली. सात दिवसांत हातून होणार १७. उरलेली ४३ कामं मुदत उलटून दुसऱ्यांकडे जाणार, आणि ४३ जोडीदार आठवडाभर ताटकळणार. बॉइंक पुढे तुमची सवय शिकतं, पण पहिला घोळ होऊन जातो.

पर्यायांमध्ये कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडा. किमान साठा ०.१ दिवस आणि जादा ०.५ दिवस, हे मूळचे आकडे आहेत आणि ते शहाण्या माणसाने ठेवलेले आहेत. नेट वारंवार जात असेल तर दोन्ही मिळून एक दिवस करा, बस.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी. प्रोसेसरच्या किती टक्के कोर वापरायचे, तिथे लॅपटॉपला ५० आणि डेस्कटॉपला ७५. शेजारचा प्रोसेसरच्या वेळेचा टक्का मात्र १०० च ठेवा, तो कमी केला की काम सेकंदासेकंदाला चालू-बंद होतं आणि तापमान खालीवर नाचतं. रॅम पुरेशी असेल तर थांबवलेलं काम मेमरीत ठेवायचा पर्याय लावा. तो मुळात बंद असतो, आणि बंद असताना काम थांबलं की मागच्या नोंदीनंतरचं (चेकपॉइंटनंतरचं) काम पुसलं जातं. किती पुसलं जाईल हे बघायचं असेल तर चालू कामावर जाऊन प्रॉपर्टीज दाबा, शेवटच्या चेकपॉइंटपासून किती वेळ झाला ते तिथे दिसतं. आकडा पन्नास मिनिटं असेल तर संगणक बंद करायला थोडं थांबा, दोन मिनिटं असेल तर खुशाल बंद करा.

वीज आणि उकाडा

ठाणे आणि नवी मुंबईत घरगुती बिल महावितरणचं, आणि दर टप्प्यांचे: १००, ३०० आणि ५०० युनिटांवर ते बदलतात. म्हणून सरासरी दर धरून हिशेब करू नका, शेवटच्या टप्प्याचा धरा. लॅपटॉप कामाला लावल्याने २५ वॅट जादा लागत असतील आणि रोज ८ तास चालवलात तर महिन्याला ६ युनिट. मध्यम ग्राफिक्स कार्डाचा डेस्कटॉप २०० वॅट जादा ओढत असेल तर तितक्याच तासांना ४८ युनिट. घराचा वापर २८० युनिट असेल तर तो ३२८ वर जातो आणि वरची २८ युनिटं चढ्या दराने पडतात. मे महिन्यात एसीमुळे आधीच वरच्या टप्प्यात असाल तर सगळीच ४८. शिवाय डेस्कटॉपने खोलीत सोडलेली २०० वॅटची उष्णता बाहेर काढायचं काम एसीच्याच डोक्यावर.

म्हणून मुख्य प्रकल्प कायम ठेवून तास कमी करा. पर्यायांमध्ये रोजच्या वेळा ठरवता येतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात रात्री ११ ते सकाळी ७, पावसाळ्यात आणि थंडीत जास्त. ड्रायव्हरमधून कार्डाची पॉवर मर्यादा ७०-७५ टक्क्यांवर आणली तर वीज बरीच वाचते आणि वेग त्या मानाने थोडाच घटतो. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नका. घोडबंदर रोडसारख्या बांधकामाच्या पट्ट्यात राहत असाल तर पंख्यातली धूळ दर दोन महिन्यांनी काढा, दमट हवेत ती चिकटून बसते. प्रोसेसर ८५ अंशांच्या वर सतत राहत असेल तर एक कोर कमी करा. तापलेलं किंवा ओव्हरक्लॉक केलेलं (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेलं) यंत्र बंद पडत नाही, चुकीची उत्तरं देतं, आणि ते जास्त वाईट. खात्यातल्या यादीत अमान्य शेरे दिसू लागले की आधी तो वाढवलेला वेग मूळपदावर आणा.

फोनवर बॉइंक चालवणाऱ्यांना मे महिन्यात ते थांबलेलं दिसेल. बिघाड नाही. बॅटरीचं तापमान ४० अंशांवर गेलं किंवा चार्ज ९० टक्क्यांखाली असला की ते मुळातच थांबतं. ती मर्यादा वाढवू नका.

क्रेडिटच्या मागे लागल्यावर

एक क्रेडिट म्हणजे काय, याची व्याख्या आहे: सेकंदाला एक अब्ज दशांश गणितं करणाऱ्या संदर्भ संगणकाने दिवसभर काम केलं तर २०० क्रेडिट. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकल्प आपापल्या हाताने वाटतो. ग्राफिक्स कार्डाचे काही प्रकल्प सढळ, प्रोसेसरचे बरेच कंजूष. दोन प्रकल्पांच्या क्रेडिटची तुलना म्हणजे रुपये आणि येन शेजारी मांडून कोण श्रीमंत ते ठरवणं. तरीही लोक जिथे जास्त क्रेडिट तिथे पळतात आणि कमी देणारा, पण गरजू प्रकल्प ओस पडतो.

स्पर्धांचंही तसंच. मे महिन्यात होणाऱ्या बॉइंक पेंटॅथलॉनसारख्या स्पर्धेत निवडलेल्या प्रकल्पाकडे एकदम लोंढा येतो. तयार कामं संपतात, सर्व्हर हाफतो. काही संघ कामं पुरी करून दडवून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी एकदम ओततात. डावपेच म्हणून भारी, पण जोडीदारांची उत्तरं तोवर अडकलेली. स्पर्धेत जरूर उतरा, स्पर्धा संपल्यावर उरलेली कामं रद्द न करता पुरी करा. त्या काळात गर्दीपासून लांब राहिलेला जोडीचा प्रकल्प बंद करू नका.

शाळेतले किंवा ऑफिसातले संगणक

शाळेच्या प्रयोगशाळेत वीस यंत्रं असतील तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपनीच्या संगणकावर तर आयटी विभागाच्या होकाराशिवाय हातच लावू नका, नोकरीवर बेतेल. परवानगी मिळाली तर वीस यंत्रांवर वीस प्रकल्प नकोत. सगळी एकाच खात्यात, एकाच मुख्य प्रकल्पाला. संकेतस्थळावर घर, काम, शाळा अशी यंत्रांची वेगवेगळी ठिकाणं ठरवता येतात आणि प्रत्येकाला वेगळ्या पसंती देता येतात. प्रकल्प निवडायचाच नसेल तर सायन्स युनायटेड हा मार्ग आहे: तिथे खगोलशास्त्र, आरोग्य असे विषय सांगायचे, प्रकल्प ते जोडून देतात. शाळेची यंत्रं दुपारी बंद होतात आणि सुट्टीत महिनाभर झाकलेली असतात. तेव्हा छोटी, सुटी कामं देणारा प्रकल्प घ्या, हवामानाचा नको. सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी नवीन काम घेणं बंद करा.

प्रकल्प सोडताना

थेट रिमूव्ह दाबलं तर हातातली सगळी कामं टाकून दिल्यासारखी होतात आणि काही वेळा सर्व्हरला ते मुदत संपेपर्यंत कळतही नाही. आधी त्या प्रकल्पावर नो न्यू टास्क्स दाबा. उरलेली कामं एकेक करून संपू द्या, लॅपटॉपवर याला तीन-चार दिवस लागतील. यादी रिकामी झाली की अपडेट दाबून सगळी उत्तरं पोचल्याची खात्री करा, अपलोडच्या रकान्यात काही अडकलेलं नाही ना ते बघा. मगच रिमूव्ह. एखादं काम मुदतीत होणारच नाही असं आजच दिसत असेल तर तेवढं एक रद्द करा. सर्व्हर ते आजच दुसऱ्याला देईल, चौदा दिवसांनी नाही.